पाते आणि मूठ : ‘लाइज ऑफ पी’मधील शस्त्ररचनेचे स्वरूप व मर्यादा

कार्लो कोलोदी यांच्या १८८३ मधील पिनोकिओच्या कथेवर आधारित ‘लाइज ऑफ पी’ (२०२३) या दक्षिण कोरियन व्हिडिओ गेममध्ये सामान्य शस्त्रांची पाती व मुठी सुट्या करून नव्याने जोडता येतात. आघाताची शक्ती प्रामुख्याने पात्यावर, तर वाराची पद्धत मुठीवर अवलंबून असते. मूनस्टोनने वाढविलेले सामर्थ्य पात्यासोबत राहते. मूठ बदलली तरी ते टिकते. अर्थात, सामर्थ्य वाढले तरी बचावाचा नेमका क्षण खेळाडूलाच साधावा लागतो. बाहुल्याचे स्वातंत्र्य येथे कृतीतून प्रकट होते. तथापि, कथेचा शेवट खोटे-खरे बोलण्याच्या निवडीने बदलतो, शस्त्राच्या निवडीने नव्हे. हाताला लाभलेले स्वातंत्र्य कथेपर्यंत पोहोचत नाही, हीच या कलाकृतीची मर्यादा होय.