त्रेचाळीस प्रसंगांत न बसणारे जिणे

दलित आत्मकथनांवर लिहिताना आपल्या समीक्षकांनी ‘वेदना’ हा शब्द इतका वापरला, की त्यातले रक्तमांस निघून गेले. वेदना, विद्रोह, नकार ही त्रयी विद्यार्थी आजही उत्तरपत्रिकेत घोकून लिहितात. या वेदनेला पोट असते, पाठ असते, ताप असतो, याची दखल क्वचितच घेतली जाते. वेदना म्हणजे मनाची व्यथा आणि मन म्हणजे शरीराबाहेरची कुठली तरी पवित्र वस्तू, ही समजूत पांढरपेशा वाङ्मयविचारातून आली. आपणही ती न तपासता स्वीकारली.

गंमत अशी, की मानसशास्त्राने ही समजूत केव्हाच सोडून दिली आहे. जॉर्ज एंगेल या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९७७ साली मांडले, की आजार नुसता शरीरात शोधून भागत नाही. शरीर, मन आणि समाज यांचा एकत्र विचार केला पाहिजे. मी मराठीचा शिक्षक. कोल्हापुरात आमच्या शेजारच्याच वर्गात हे शिकवले जाते म्हणून त्या विषयाची पुस्तके अधूनमधून वाचतो. वाचताना असे दिसते, की यातला ‘समाज’ हा तिसरा शब्द फळ्यावर लिहिला जातो खरा, पण तास संपण्याआधीच पुसलाही जातो.

होम्स आणि राहे यांची १९६७ सालची मोजपट्टी घ्या. आयुष्यातले ४३ प्रसंग आणि प्रत्येकाला गुण. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०, सुट्टी १३, नाताळ १२. वर्षभरातल्या गुणांची बेरीज जितकी जास्त, तितका आजाराचा धोका जास्त. कल्पना मोलाची आहे. मनावरचा ताण शरीरात उतरतो, हे तिने आकड्यांत आणले. पुढे १९८४ साली गुरमीत सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांसाठी ५१ प्रसंगांची यादी केली. तिच्यात हुंड्यावरून भांडण आहे, मुलगा नसणे आहे, ज्योतिषाचे भाकीत आहे, तीर्थयात्रासुद्धा आहे. जात नाही.

ती चुकून राहिली असे मला वाटत नाही. ही मोजपट्टी बदल मोजते, आणि जात हा बदल नव्हे. ती काल नव्हती आणि आज आली, असे होत नाही. आमच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आडनाव ऐकल्यावर घरमालकीण म्हणाली, खोली कालच गेली. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? राहत्या जागेत बदल म्हणावं, तर जागा बदललीच नाही.” मला उत्तर देता आले नाही. मोजपट्टीलाही येणार नाही.

आणि इथेच बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) नव्याने वाचले पाहिजे. आषाढात महारवाड्यातल्या बायकांच्या अंगात येते, त्याचे वर्णन या पुस्तकात आहे. एरवी जिच्या शब्दाला घरात किंमत नाही, तिच्यापुढे सारी वस्ती हात जोडते आणि पुढचे भविष्य विचारते. पाठ्यपुस्तक याला उन्माद म्हणेल. मनाचा कोंडमारा शरीरातून बाहेर पडला, असे सांगेल. आपला कार्यकर्ता अंधश्रद्धा म्हणेल आणि पुढे जाईल. बेबीताई बाबासाहेबांच्या विचाराच्या. अंधश्रद्धेला त्या पाठीशी घालीत नाहीत. पण त्या तिथे थांबतही नाहीत. आठ-नऊ वर्षांची सून, पळून गेली म्हणून तिच्या पायात घातलेला लाकडाचा खोडा, संशयावरून कापलेले नाक, पोटात घालायला काही नाही अशी बाळंतीण, हे सारे त्याच पुस्तकात आहे. ही पाने एकत्र वाचली म्हणजे कळते, की तोंडाला बोलायची बंदी असलेली बाई अंगाने बोलते आहे. गावाने वस्तीचे जे केले, ते वस्तीने सुनेचे केले. याला मी निदान म्हणतो. ते करणाऱ्या बाईला आपले लेखन नवऱ्यापासून वर्षानुवर्षे लपवून ठेवावे लागले. समीक्षकांनी मात्र या पुस्तकात ‘स्त्रीची दुहेरी वेदना’ शोधली आणि लेख संपवला.

शिकलेल्यांना हे सारे मागच्या पिढीचे वाटते. त्यांनी शर्मन जेम्स यांचे १९८३ सालचे संशोधन पाहावे. काळ्या अमेरिकनांच्या लोककथेत जॉन हेन्री नावाचा मजूर आहे. तो वाफेच्या यंत्राशी पैज लावतो, हातोड्याने जिंकतो आणि जिंकताच मरून पडतो. साधने तुटपुंजी आणि झुंज अखंड, अशा माणसाचा रक्तदाब चढतो, असे जेम्स यांनी मांडले. मी घरातला पहिला पदवीधर. पस्तिशीतल्या आम्हा दोघा-तिघांच्या खिशात रक्तदाबाच्या गोळ्या असतात. तणावमुक्तीच्या शिबिरात आम्हाला दीर्घ श्वास घ्यायला सांगतात. श्वासाला माझा विरोध नाही. पण हातोडा आमच्या हातातून सुटत का नाही, हे तिथे कुणी विचारीत नाही.

उपचार कुणावर करायचा, हा प्रश्न बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये आपल्यापुढे ठेवूनच दिला आहे. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे १९२९ सालचे पत्र त्यांनी तिथे दिले आहे. बाळंत झालेली त्याची बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकीना. शेवटी तिला वस्तीबाहेर आणून तपासायचे ठरले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. त्याच वाटेने तो परत गेला. न्यूमोनिया आहे, असे सांगून डॉक्टर निघून गेला. बाई वाचली नाही. मन आणि शरीर यांचा संबंध याहून स्पष्ट कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळेल? फक्त इथे मन डॉक्टरचे होते आणि शरीर तिचे.

याच्या दहा वर्षे आधी, १९१९ साली, आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी संस्थानातल्या दवाखान्यांना हुकूम काढला होता: अस्पृश्य रुग्णांना इतरांप्रमाणेच ममतेने वागवावे, ज्याला हे मान्य नसेल त्याने राजीनामा द्यावा. महाराजांनी रुग्णाला मन खंबीर करायला सांगितले नाही. उपचार डॉक्टरच्या मनावर केला आणि औषध म्हणून नोकरीची अट घातली. हा हुकूम मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात घ्यायचा की नाही, ते अभ्यास मंडळांनी ठरवावे. ‘जिणं आमुचं’ शिकवताना शेजारच्या वर्गातली मानसशास्त्राची मुले आपल्या बाकांवर आणून बसवायला मात्र मराठीच्या शिक्षकाला कुठल्याही मंडळाची परवानगी लागत नाही.