बिनमुठीचा मुटका

ओनिगिराझु मला आधी शब्द म्हणून आवडला, खायला मिळाला त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. म्हणून रसग्रहणाची सुरुवात शब्दापासूनच करतो.

जपानीत 'निगिरु' म्हणजे मुठीत धरून आवळणे. गरम भात ओल्या, मीठ लावलेल्या हातात घेऊन आवळला की ओनिगिरी होते. व्हिनेगर घातलेल्या भाताचा अंगठ्याएवढा गोळा दाबून त्यावर माशाचा काप बसवला की निगिरी-सुशी होते. दोन्हींच्या नावात मूठ आहे, आपल्या मुटक्याच्या नावात असते तशी. मुटक्यावर करणाऱ्याच्या चार बोटांच्या खुणा वाफवल्यावरही राहतात, आणि ओनिगिरीच्या कडेला तळव्याचा बाक राहतो. ओनिगिराझु या शब्दाने नेमकी ती मूठच काढून टाकली आहे. शेवटचा 'झु' म्हणजे 'न करता'. हा नकार जुन्या, लेखी वळणाचा आहे, आणि सुरुवातीचा 'ओ' आदरार्थी. सकाळच्या धावपळीत उरकलेल्या खाण्याला पुढे मान आणि मागे पोथीतला नकार! मराठीत 'बिनमुठीचा मुटका' म्हणता येईल, पण त्यातला आदर निसटतो.

हा पदार्थ कुठल्या उपाहारगृहात जन्मलेला नाही. तो चित्रकथेत जन्मला. तोची उएयामा यांची 'कुकिंग पापा' ही मांगा कोदान्शा प्रकाशनाच्या 'मॉर्निंग' साप्ताहिकात १९८५ पासून येऊ लागली. नायक अराइवा काझुमी फुकुओकात नोकरी करणारा, रुंद हनुवटीचा, आडदांड माणूस. बायको निजिको वर्तमानपत्रात बातमीदार, आणि स्वयंपाकात तिचा हात बेताचाच. घरचा स्वयंपाक अराइवा करतो, ऑफिसचा डबाही स्वतःच भरतो, आणि सुरुवातीच्या भागांत सहकाऱ्यांना मात्र तो बायकोने दिलाय असं भासवतो. गोष्टीच्या ओघात एका पदार्थाची कृती चित्रांसह येते. ओनिगिराझुची कृती अशीच १९९०-९१ च्या सुमारास आली आणि बाविसाव्या खंडात आहे. आमच्या घरीही डब्याचं खातं माझ्याकडे असल्यामुळे अराइवाबद्दल माझं मत निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कृती चार ओळींची. ओट्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म पसरायची, तिच्यावर नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाचा, अख्खा कागद तिरका ठेवायचा, चौकट नव्हे, शंकरपाळा दिसेल असा. मधोमध भाताचा चौकोनी थर, चिमूट मीठ, त्यावर सारण, पुन्हा भात. मग चारही कोपरे मध्यावर आणून पाकीट बंद करायचं, फिल्म घट्ट गुंडाळायची आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. ओल्या सुरीने मधून कापलं की झालं.

यातली पाच मिनिटं मला सगळ्यात आवडतात. कोरडी नोरी कुरकुरीत असते. लगेच सुरी लावली तर फाटते, कोपरे उघडतात. भाताची वाफ तिच्यात जिरली की ती लवचिक होते आणि स्वतःवरच चिकटते. जे काम ओनिगिरीत तळवा करतो ते इथे वाफ करते. म्हणजे मूठ गेली तरी आवळणं गेलं नाही, ते माणसाकडून पदार्थाकडे सोपवलं गेलं. सराईत हातात ओनिगिरीच्या भाताची शितं दबतात पण चिरडत नाहीत, आणि हे जमायला सराव लागतो. कागदाच्या घडीला एवढा लागत नाही. शिवाय सारणाला मोकळीक मिळते. मुठीत मावेल तेवढंच ओनिगिरीच्या पोटात जातं, बोराएवढं खारं आंबट उमेबोशी किंवा मीठ लावून भाजलेल्या सामन माशाचा चुरा. इथे अख्खं ऑम्लेट, कोबी, तळलेला मासा असं काहीही आडवं पसरता येतं. भाताने सँडविचची रचना उचलली, पण ब्रेडचा तुकडाही आत येऊ दिला नाही. मिलाफ म्हणून मला हे उजवं वाटतं. दोन देशांचे मसाले एका वाडग्यात ढवळण्यापेक्षा एकाचा आकार आणि दुसऱ्याचं अन्न घेणं अवघडही आहे आणि सभ्यही.

आता एक बारकावा. इंग्रजी जगात याला 'सुशी सँडविच' म्हणू लागले, पण सुशीची ओळख माशावरून नाही, आंबट भातावरून ठरते. ओनिगिरीचा भात साधा असतो, म्हणून मूळचा ओनिगिराझु सुशी नव्हे. वाटीभर तांदळाच्या भातात दोन मोठे चमचे व्हिनेगर, एक मोठा चमचा साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून घातलं, की तो सुशीच्या घरात पाऊल टाकतो. मी घालतो. आंबटपणामुळे थंड भातही मिळमिळीत लागत नाही.

झटपट सुशी म्हटलं की जाणकार नाक मुरडतात. सुशी म्हणजे वर्षानुवर्षांची उमेदवारी, धारदार सुरी, मौन. पण सुशीचा इतिहास बघितला तर तो घाईचाच आहे. सगळ्यात जुना प्रकार नारेझुशी. मीठ लावलेला मासा भातात दाबून महिनोन् महिने आंबवायचा. भात केवळ मासा टिकवण्यासाठी, तो बहुधा टाकूनच द्यायचे. बिवा सरोवराकाठची फुनाझुशी अजून तशीच होते. पुढे लोकांना धीर निघेना, आंबणं अर्धवट असतानाच भातासकट खाऊ लागले. मग भातात सरळ व्हिनेगरच घालायला लागले, आणि त्या प्रकाराचं नावच हायाझुशी, घाईची सुशी. १८२०च्या दशकात एडोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, हानाया योहेई या विक्रेत्याचं नाव निगिरी-सुशीशी जोडलं गेलं. ती उभ्याउभ्या खाण्याची चीज होती आणि तिचा तुकडा आजच्यापेक्षा बराच मोठा असे. काही महिन्यांचं काम काही क्षणांवर आलं. त्या ओळीत अराइवाचा डबा शेवटी उभा केला तर परका वाटत नाही. व्हिनेगरने आंबण्याचा वेळ काढून टाकला, या कृतीने हात काढून टाकला.

नोरीबद्दल मात्र घाई करवत नाही. बाजारातला कागद सुमारे २१ बाय १९ सेंटीमीटरचा असतो, म्हणजे चौरस नाही. दुमडताना दोन कोपरे जरा जास्त एकमेकांवर चढतात, आणि तोच जाड भाग कापताना सुरीला अडतो. तकतकीत बाजू बाहेर, खरबरीत बाजू भाताकडे. कागद हा शब्दही मी उगाच वापरत नाही; शेवाळ बारीक चिरून, पाण्यात कालवून, चटईवर पातळ पसरून वाळवायचं ही रीत हातकागदाच्या जवळची आहे. या कागदावर एका इंग्रज बाईंचं ऋण आहे. नोरी बी धरते कुठे हे शेतकऱ्यांना माहीत नव्हतं, एखाद्या वर्षी पीक यायचं, एखाद्या वर्षी गायब. मँचेस्टरच्या शेवाळतज्ज्ञ कॅथलीन ड्रू-बेकर यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलं की शिंपल्यांच्या आत वाढणारं एक सूक्ष्म गुलाबी शेवाळ ही वेगळी जात नसून याच कुळातल्या शेवाळाच्या आयुष्यातली एक अवस्था आहे. त्यावरून जपानी संशोधकांनी शिंपल्यांवर बी तयार करण्याची पद्धत बसवली. बाई जपानला कधीच गेल्या नाहीत, १९५७ मध्ये वारल्या. कुमामोतो प्रांतातल्या उतो इथे आरिआके समुद्राच्या बाजूला त्यांचं स्मारक आहे आणि दर १४ एप्रिलला तिथे त्यांची आठवण काढतात. आरिआकेच्या किनाऱ्याला अराइवाचा फुकुओका प्रांतही लागतो, आणि जपानची पुष्कळशी नोरी याच उथळ समुद्रातून येते.

चित्रकथेत आल्यावर ओनिगिराझु वीसेक वर्षं फारसा कुणाच्या डोळ्यात भरला नाही. २०१४ च्या सुमारास कुकपॅड या पाककृतींच्या संकेतस्थळावर घरोघरचे लोक आपापले प्रकार टाकू लागले, आणि २०१५ मध्ये गुरुनावी या उपाहारगृहांच्या संकेतस्थळाच्या संशोधन संस्थेने त्याला 'वर्षाचा पदार्थ' ठरवलं. एवढा उशीर का? माझा तर्क असा: मांगाची पानं काळीपांढरी. ओनिगिराझुचं सौंदर्य बाहेर नाहीच, बाहेर काळं पाकीट. ते आहे कापल्यावर दिसणाऱ्या पृष्ठभागात, पांढऱ्या भातामधल्या पिवळ्या, केशरी, हिरव्या पट्ट्यांत. उएयामांनी कृती लिहिली तेव्हा रंग छापायला पान नव्हतं. तो पुढे लोकांच्या खिशातल्या कॅमेऱ्याने पुरवला. देखण्या कापासाठी जपानीत 'मोएदान' असा शब्दही त्याच सुमारास रूढ झाला. ओनिगिरी खाताना आतलं चावल्यावर कळतं, इथे चावण्याआधी दिसतं. मूठ नाकारून डोळ्याला मान दिला. यात थोडं गमावलंही आहे. तळव्याची ऊब आणि ठसा असलेली ओनिगिरी 'कुणीतरी केलेली' असते; हे पाकीट कुणीही केलेलं असू शकतं. ऑफिसात डब्याचं खरं लपवणाऱ्या अराइवाला ते सोयीचंच म्हणा.

माझ्या पहिल्या प्रयत्नात जुना बासमती होता. मोकळा, सुटसुटीत, पुलावाला शोभेल असा भात. सुरी लागताच तो ओट्यावर सांडला. मग इंद्रायणी घेतला. मावळातल्या भाताला हिणवताना 'गिचगोळा' म्हणतात ना, तोच गुण इथे कामाला आला. आंबेमोहोराच्या वंशातला असल्यामुळे त्याला वासही आहे, आणि व्हिनेगर घातल्यावर तो थोडा मावळतो, पण जात नाही.

सारणाच्या बाबतीत माझी मतं आता पक्की झाली आहेत. ओलं काही चालत नाही. पावभाजीचा प्रयोग अर्ध्या तासात गळला. बटाट्याची सुकी भाजी टिकते, पण भातात बटाटा म्हणजे मऊत मऊ, दाताला काही सापडत नाही. मेतकूट भातात कालवलं तर सुंदर लागतं आणि नोरीशी भांडतं. हिंग आणि समुद्र दोघेही यजमान व्हायला बघतात. जमतं ते असं: पातळ ऑम्लेटच्या पट्ट्या, मीठ लावून पिळलेली काकडी, परतलेलं गाजर, आणि खाली कारळ्याची कोरडी चटणी. कारळं आणि शेवाळ दोघांचाही वास भाजलेला, जरासा कडवट, आणि कापल्यावर चटणीची काळी रेघ नोरीच्या काळ्या कडेला साथ देते. उमेबोशीच्या जागी मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याची फोड, पण एकच, आणि खार निपटून. कच्चा मासा डब्यात मुळीच नको.

कापण्याची एक दिशा असते. पट्ट्या एकाच बाजूला आडव्या मांडल्या की सुरी त्यांच्यावरून काटकोनात जायला हवी, तरच सगळे रंग ओळीने दिसतात. पण पाकीट काळं, एकदा बंद झालं की आतली दिशा करणाऱ्यालाही आठवत नाही. म्हणून मी फिल्मवर पेनाने एक रेघ ओढतो. परवा मुलगी ओट्याशी आली, सुरी ओली केली आणि म्हणाली, "बाबा, आत काय आहे ते सांगू नका हं." रेघ ओढायची त्या दिवशी मी विसरलो होतो. तिने कापलं, दोन्ही अर्धे उताणे केले, आणि दोन्हींत नुसतं गाजर दिसलं.