सह्याद्री आणि एक विस्मृत निवेदन

‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ या एका वाक्यात मराठी मनाने 1962चे युद्ध जवळजवळ संपवून टाकले आहे. त्यातली कालगणना मात्र सहसा तपासली जात नाही. यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली 21 नोव्हेंबर 1962 रोजी. चीनच्या एकतर्फी युद्धविरामाची बातमी आली तीही त्याच दिवशी. सह्याद्री पोचला तेव्हा लढाई संपली होती. चव्हाणांच्या वाट्याला आले ते पराभवाचा हिशेब मांडण्याचे आणि सैन्य नव्याने उभे करण्याचे काम. ते अधिक अवघड होते, पण त्याची घोषणा होत नाही.

त्या हिशेबाचा जाहीर दस्तऐवज म्हणजे 2 सप्टेंबर 1963 रोजी त्यांनी लोकसभेत केलेले निवेदन. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांच्या चौकशीचे निष्कर्ष त्यात सांगितले आहेत. निवेदनाची भाषा कोरडी आहे आणि तीच तिची ताकद. शस्त्रसामग्री अपुरी होती, एवढ्यावर ते थांबत नाही. सामान मैदानी प्रदेशातल्या शेवटच्या ठाण्यापर्यंत पोचत होते, पण तिथून विमानाने, जनावरांच्या वा माणसांच्या पाठीवरून आघाडीवर वेळेत जात नव्हते, हे त्यात नोंदले आहे. उंचीची सवय नसलेले सैन्य डोंगरात लढायला पाठवले गेले, हेही आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उणिवा खालच्या तुकड्यांपेक्षा वरच्या पातळीवर अधिक दिसल्या, असे संरक्षणमंत्री सभागृहात म्हणतात. जवानाच्या शौर्याची शाल पांघरून सेनापतींचे अपयश झाकण्याचा मोह ते टाळतात. युद्धाविषयी प्रामाणिक बोलणे ते हेच.

पण या प्रामाणिकपणाला कुंपण होते. चौकशी लष्करी कारवाईपुरती मर्यादित होती. राजकीय निर्णयांचा शोध तिच्या कक्षेबाहेर ठेवला होता. आणि सुरक्षितता व सैन्याचे मनोधैर्य या कारणांसाठी मूळ अहवाल प्रसिद्ध करण्यास चव्हाणांनी नकार दिला. शत्रू सीमेवर उभा असताना ते कारण समजण्यासारखे होते. मात्र 2010मध्येही संसदेत अहवालातील मजकूर संवेदनशील असल्याचेच उत्तर मिळाले. 2014मध्ये नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग उघड केला; सरकारने तो आजवर प्रसिद्ध केलेला नाही. तात्पुरत्या कारणाची अशी कायमची सवय झाली.

मनोधैर्याच्या युक्तिवादात एक उलटा अर्थही दडलेला आहे: सत्य ऐकून जवान खचेल. वास्तविक ते सत्य जवानाने कोणाच्याही आधी भोगलेले असते. सेला, वालाँग, रेझांग ला इथे जे लढले, त्यांना गरम कपड्यांची आणि दारूगोळ्याची कमतरता अहवालातून कळणार नव्हती. गुप्तता पाळली गेली ती त्यांच्यापासून नव्हे. त्यांना तिथे पाठवणाऱ्या नागरिकांपासून, म्हणजे आपल्यापासून.

आपणही त्या गुप्ततेला हातभार लावला. अभिमानाचे एक वाक्य हाती लागल्यावर प्रश्न विचारण्याची गरज उरली नाही. चव्हाणांचा खरा गौरव त्या घोषणेत नसून 1963च्या निवेदनात आहे. ते त्याच्या कुंपणासकट पुन्हा वाचले पाहिजे. कुंपण कुठे घातले गेले, हे त्याशिवाय कळणार नाही.