गाडी मागून वाचावी

घरातली इनोव्हा थकली की तिच्या जागी काय आणायचं यावर खल सुरू होतो, आणि तो बहुतेक वेळा पुढून सुरू होतो. बॉनेट किती रुबाबदार, स्क्रीन केवढा, सनरूफ कुठवर उघडतं. माझ्या मते सात माणसांची गाडी मागून वाचावी. शोरूममध्ये गेल्यावर सरळ शेवटच्या रांगेत जाऊन बसावं, मधली सीट जागेवर आणायला सांगावी, दार लावून घ्यावं आणि तिथून पुढे पाहावं. चालवणाऱ्याची खातिरदारी प्रत्येक कंपनी करते. आजी, धाकटा भाचा, लग्नाला निघालेली मावशी यांचा विचार कोणी किती केला, ते या रांगेत बसल्यावर समजतं.

इनोव्हाची जागा घेणं अवघड का, हेही इथूनच कळतं. 2000 साली आलेल्या क्वालिसच्या जागी टोयोटाने 2005 मध्ये इनोव्हा आणली आणि 2016 मध्ये क्रिस्टा. लॅडर फ्रेमवर, म्हणजे ट्रकसारख्या पोलादी सांगाड्यावर बांधलेली, मागच्या चाकांवर चालणारी गाडी. बाहेरून पाहिलं तर जरा पेटीसारखीच. पण तो टप शेवटपर्यंत जवळजवळ सरळ जातो, म्हणून तिसऱ्या रांगेत डोकं आपटत नाही. बाजूची काच मोठी, त्यामुळे मागे बसलेल्याला घाट दिसतो, नुसता ऐकू येत नाही. एसीची हवा टपातून थेट तोंडावर येते. आणि दार उघडल्यावर मधली सीट एका खटक्यात पुढे दुमडते, तेव्हा नऊवारीतली बाईही कोणाचा हात न धरता आत जाऊ शकते. तिसरी रांग घडी करायची पद्धत मात्र ओबडधोबड: दोन्ही अर्ध्या सीटा उचलून काचांना टेकवायच्या आणि पट्ट्याने अडकवायच्या. डिकीचा आकार त्याने बिघडतो. पण ज्या सीटवर माणूस बसायचा, ती सीट बसण्यासारखी होती, आणि मी या गोष्टीला फार वरचं स्थान देतो.

आता तिच्या जागी लोक ज्या गाड्या पाहतात, त्या तीन रांगांच्या क्रॉसओव्हर: सांगाडा आणि शरीर एकच, उंच बॉनेट, मागे उतरतं छप्पर. यातली महिंद्राची एक्सयूव्ही 700 चाकणची. 2021 मध्ये ती आली आणि त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिने मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळवले. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 2750 मिलीमीटर, क्रिस्टाइतकाच. लांबी 4695, क्रिस्टाची 4735. कागदावर फरक फक्त 40 मिलीमीटरचा. तरीही मागे बसलं की दोन गाड्या दोन वेगळ्या घरांच्या वाटतात, आणि ब्रोशर वाचून गाडी घेऊ नये असं मी म्हणतो ते यासाठीच.

आत शिरण्याची सोय तिच्यात नीट विचार करून केली आहे. मधल्या रांगेतली डावीकडची सीट एका खटक्यात दुमडून उभी राहते. डावीकडे म्हणजे आपल्याकडे फुटपाथची बाजू; चढणारा माणूस रहदारीत उभा राहत नाही. इथवर उत्तम. पण मधली रांग पुढे-मागे सरकत नाही. पुढच्याने सहा इंच सोडावेत म्हटलं तरी त्याला सोडता येत नाहीत. आईला मागे बसवून पाहिलं. गुडघे समोर टेकले नव्हते, तरी ती अस्वस्थ होती. मी विचारलं तर म्हणाली, "मांड्या अधांतरी राहतात रे, टेकतच नाहीत."

तिसऱ्या रांगेचं सगळं मर्म त्या वाक्यात आहे. बहुतेक जण लेगरूम मोजतात, म्हणजे गुडघ्यापुढची जागा. खरी मोजायची गोष्ट वेगळी: पाय ठेवायच्या जागेपासून सीटची उंची किती. क्रॉसओव्हरमध्ये मागच्या आसाची यंत्रणा, टाकी, स्टेपनी यांच्यावरून जाताना तळ वर चढतो. वरून छप्पर उतरत येतं, म्हणून सीट वर उचलता येत नाही. मग सीट आणि तळ यांतलं अंतर कमी होतं, गुडघे छातीकडे येतात, सगळा भार पाठीच्या तळाशी आणि माकडहाडावर पडतो. दहा वर्षांच्या मुलाला याने काही फरक पडत नाही. पासष्टीच्या माणसाला पुण्याहून महाडपर्यंत जाताना पडतो.

टाटा सफारीने छपराचं उत्तर फार पूर्वी शोधलं होतं, आणि मला ते डिझाइन म्हणून आजही आवडतं. 1998 च्या पहिल्या सफारीचा टप मागे एक पायरी चढतो. तेव्हा मागच्या छोट्या सीटा एकमेकांसमोर तोंड करून असत. 2021 ची नवी सफारी पूर्ण वेगळ्या पायावर उभी आहे, तिची तिसरी रांग पुढे तोंड करून आहे. तरी ती पायरी तिने टिकवली. टपावरच्या रेल्समुळे ती चटकन लक्षात येत नाही. पण मागे बसलं की डोक्यावर हात फिरवावा: जिथे एरवी छप्पर खाली यायला लागतं, तिथे ते थांबलेलं आहे. सहा आसनी सफारीत मधल्या दोन कॅप्टन सीटांच्या मधूनही मागे जाता येतं, अंग चोरून. मात्र तिन्ही रांगा उभ्या असताना डिकीत उरतं ते जेमतेम दोन बॅगांपुरतं. मे महिन्यात रत्नागिरीहून येताना आंब्याच्या पेट्या कुठे ठेवायच्या, हा प्रश्न टपावरच्या कॅरियरवर जाऊन सुटतो, आणि उन्हात तापलेला टप ही हापूसची जागा नव्हे.

नोव्हेंबर 2022 मध्ये टोयोटाने इनोव्हा हायक्रॉस दाखवली. कंपनी तिला एमपीव्हीच, म्हणजे बहुउपयोगी गाडीच, म्हणते, पण बांधणी क्रॉसओव्हरची आहे: लॅडर फ्रेम गेली, पुढची चाकं ओढू लागली, बॉनेट उंच झालं. जुन्या भक्तांनी नाकं मुरडली. मी तिच्या तळाकडे पाहायला सांगेन. क्रिस्टात इंजिन उभं बसायचं आणि त्याची ताकद मागे नेणारा दांडा गाडीच्या पोटाखालून जायचा. इथे इंजिन आडवं आहे, दांडा नाही. त्यामुळे नाक आखडलं, तळ सपाट आणि खाली आला. लांबी वाढली अवघी 20 मिलीमीटर, पण व्हीलबेस वाढला 100. ही वाढ कुणाच्या वाट्याला आली? मधल्या रांगेत पाय पसरणाऱ्याच्या, आणि तो थोडा पुढे सरकला तर मागच्याच्याही. मागची पाठ कलते, तिघांना तीन हेडरेस्ट आणि तीन पट्टे आहेत, आणि त्यांच्या मागे सुमारे 300 लिटरची डिकी उरते. सीटा आता काचांवर लटकत नाहीत, तळाशी घडी होतात. आई इथे बसली आणि काहीच बोलली नाही. खिडकीबाहेर पाहत राहिली. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

हायब्रीड इंजिनाचा कागदोपत्री मायलेज लिटरला 23.24 किलोमीटर. घाटात प्रत्यक्ष आकडा खाली येणारच. मागच्या रांगेला मात्र दुसराच लाभ होतो: ताम्हिणी घाटात वाहनांच्या रांगेत गाडी मुंगीच्या पावलाने सरकते तेव्हा ती बरेचदा बॅटरीवर असते, थरथर नाही, डिझेलची घरघर नाही. ज्याला गाडी लागते त्याला विचारा.

काही गोष्टी गेल्याच. सात माणसं, भरलेली डिकी, भिजलेला रस्ता आणि नागमोडी चढ असेल तर वजन मागे ढळतं आणि पुढची ओढणारी चाकं हलकी पडतात. क्रिस्टात हेच वजन ओढणाऱ्या चाकांवर यायचं. वरंधा घाटातून नेहमी भरून जाणाऱ्यांनी हा फरक मनात धरावा. 2023 मध्ये टोयोटाने डिझेल क्रिस्टा पुन्हा आणली, ती अशांसाठी योग्यच होती. आणि ज्यांच्या घरात एरवी चौघंच असतात, तिसरी रांग वर्षातून गणपतीला आणि एखाद्या लग्नाला उघडायची, त्यांनी एक्सयूव्ही 700 मनापासून घ्यावी. तिच्या पुढच्या दोन रांगा उत्तम आहेत.

आमच्या घरी मी हायक्रॉस सुचवली, आणि तीही आठ आसनी. वरच्या मॉडेलमधल्या पाय उचलून धरणाऱ्या ऑटोमन सीटा सुखाच्या खऱ्या, पण त्यांचं सगळं सुख मधल्या दोघांचं असतं, आणि त्या पूर्ण पसरल्या की मागच्याचे गुडघे अडतात. सलग बाकावर तिघं बसतात, पोरं आडवी होतात, जेवणाचा डबा मध्ये उघडता येतो. घेण्याआधी सातही जणांना नेऊन फेरी मारायला मागा. मागच्यांना हेडरेस्ट वर ओढायला सांगा, कारण खाली दाबलेला हेडरेस्ट मानेला आधार देत नाही, उलट खांद्यांच्या मध्ये रुततो. परतताना चालवणाऱ्याने मागे बसावं.