जिन्यावरून उतरणारी स्टेला

मार्लन ब्रँडोचा स्टॅन्ली कोवाल्स्की पडद्यावर आला की मला दुसरीकडे बघता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. रांगड्या, धसमुसळ्या, बाईवर हात उगारणाऱ्या नायकांचा विषय निघाला की गप्पांमध्ये दोन पवित्रे हमखास भेटतात. पहिला म्हणजे, 'छे, असला माणूस कुणाला कसा आवडेल?' दुसरा, 'बायकांना मनातून असलेच पुरुष आवडतात.' पहिल्यात अनुभव नाकारला जातो. दुसऱ्यात त्या अनुभवावरून बाईच्या संमतीचा निकाल लावला जातो. मला दोन्ही पटत नाहीत. का, ते 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' (१९५१) या चित्रपटाच्या आधारानं मांडायचं आहे.

टेनेसी विल्यम्सचं हे नाटक डिसेंबर १९४७ मध्ये ब्रॉडवेवर आलं, तेव्हा ब्रँडो २३ वर्षांचा होता. दिग्दर्शक एलिया काझान. चित्रपटही त्यानंच केला आणि ब्रँडो, किम हंटर, कार्ल माल्डन ही रंगमंचावरची मंडळी सोबत घेतली. ब्लांशच्या भूमिकेत मात्र जेसिका टँडीऐवजी व्हिव्हियन ली आली. न्यू ऑर्लिन्समधलं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. स्टॅन्ली, त्याची गरोदर बायको स्टेला आणि गाव, घर, नोकरी सगळं गमावून त्यांच्याकडे राहायला आलेली स्टेलाची मोठी बहीण ब्लांश. मध्ये फक्त एक पडदा.

स्टॅन्लीचं आकर्षण नेमकं कशात आहे? पहिलं उत्तर सरळ आहे: शरीरात. पण पडद्यावरचं शरीर आपोआप दिसत नसतं, कुणीतरी ते दाखवत असतं. वेशभूषाकार लुसिंडा बॅलर्डनं ब्रँडोचे टीशर्ट धुऊन आटवले आणि अंगासरशी बसवून घेतले. तोवर टीशर्ट म्हणजे आतून घालायचा कपडा किंवा मजुराचा कपडा. घामानं चिकटलेला तो टीशर्ट स्टॅन्ली पहिल्याच भेटीत ब्लांशसमोर बदलतो, आणि कॅमेरा तिची नजर आपल्याला दाखवतो. हॉलिवूडनं तोवर बायकांच्या शरीरावर ज्या निवांतपणे प्रकाश टाकला होता, तो इथे पुरुषाच्या वाट्याला आला. बघणारी आहे बाई. माझ्या मते या चित्रपटातली सगळ्यात नवी गोष्ट हीच होती.

दुसरं उत्तर जरा खोलात आहे. केवळ आडदांडपणा कधीच पुरेसा नसतो. 'केप फिअर'मधला (१९६२) रॉबर्ट मिचम स्टॅन्लीपेक्षा कितीतरी भयंकर आहे, देखणाही आहे. पण त्याला कुणाची गरजच नाही, म्हणून त्याची फक्त भीती वाटते. स्टॅन्ली मात्र गरजेनं ओथंबलेला आहे. पत्त्यांचा डाव चाललेल्या रात्री तो दारूच्या नशेत रेडिओ खिडकीबाहेर फेकतो, गरोदर स्टेलाला मारतो. मित्र त्याला शॉवरखाली धरतात. तो भानावर येतो आणि फाटक्या ओल्या टीशर्टात अंगणात उभा राहून बायकोच्या नावानं टाहो फोडतो. हरवलेलं मूल आईला हाक मारतं तसा. ब्रँडोनं या माणसाला जनावर आणि बाळ एकाच वेळी केलं. एरवी सगळ्यांना दरारा वाटणारा माणूस फक्त माझ्यासमोर कोसळतो, ही कल्पना फार मादक असते. घरोघरच्या कितीतरी संसारांचं इंधन तेच असतं. मारल्यानंतरची माफी मारापेक्षा जास्त बांधून ठेवते.

आता तो जिना. वरच्या मजल्यावर शेजारणीकडे गेलेली स्टेला हाक ऐकून बाहेर येते आणि एकेक पायरी उतरते. घाई नाही. डोळे त्याच्यावर. तो गुडघ्यांवर बसतो, तिच्या पोटाशी तोंड खुपसतो, तिचे हात त्याच्या पाठीवर रुततात. किम हंटरच्या चेहऱ्यावर क्षमा दिसत नाही, दयाही दिसत नाही. दिसते ती उघड वासना.

प्रदर्शनापूर्वी कॅथलिक 'लीजन ऑफ डीसन्सी'च्या दबावाखाली स्टुडिओनं काझानला अंधारात ठेवून चित्रपटाला कात्री लावली. काझाननं त्याविरुद्ध 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहिला. कापलेले तुकडे प्रेक्षकांना दिसायला १९९३ साल उजाडावं लागलं. या कात्रीत स्टेलाचे जिन्यावरचे क्लोजअप गेले, आणि अॅलेक्स नॉर्थचं तिथलं जॅझच्या अंगाचं संगीतही फार देहधर्मी वाटलं म्हणून बदललं गेलं. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ पाहिल्या की एक गोष्ट ठळक होते. स्टॅन्लीचं मारणं शाबूत आहे. रेडिओ फेकणं शाबूत आहे. उडाला आहे तो बाईचा चेहरा. नवऱ्यानं बायकोला मारणं नीतिरक्षकांना खपलं, पण त्या बायकोला तो अजूनही हवासा वाटतो आणि ते ती लपवत नाही, हे खपलं नाही. कापलेल्या आवृत्तीतली स्टेला दुरून बघताना कर्तव्यदक्ष पत्नी वाटू शकते. मूळ स्टेला नाही वाटत.

म्हणूनच रांगड्या पुरुषाच्या आकर्षणाची चर्चा पुरुषावरच संपते, तेव्हा ती मला अपुरी वाटते. तो कसा दिसतो, कसा चालतो, यावर रकाने भरतात. बघणारीचं काय होतं, हा प्रश्न जिन्यावरच राहतो.

या चित्रपटात बघणारीचं जे होतं ते भीषण आहे. ब्लांश स्टॅन्लीला स्टेलाजवळ आदिमानव ठरवते, माकडाच्या जवळचा म्हणते, आणि तो ते चोरून ऐकतो. पण सुरुवातीला ती त्याच्याशी लाडिक बोललेली असते, अत्तराचा फवाराही गमतीनं त्याच्याकडे उडालेला असतो. टीशर्ट बदलताना तिनं टाकलेला कटाक्ष आपण पाहिलेला असतो. स्टेला बाळंतपणासाठी इस्पितळात असताना त्या रात्री तो तिच्यावर बलात्कार करतो, आणि त्याआधी त्याचा दावा असा की हे पहिल्या दिवसापासून ठरलेलंच होतं. म्हणजे तिचा कटाक्ष हाच त्याचा पुरावा. मोर्चा फुटक्या आरशाकडे वळतो, कॅमेरा पुढचं दाखवत नाही.

या दृश्यावर 'तीसुद्धा काही कमी नव्हती' असं म्हणणारे प्रेक्षक मला भेटलेले आहेत, त्यांत बायकाही आहेत. त्यांना सांगावंसं वाटतं की हा युक्तिवाद तुमचा नाही, स्टॅन्लीचा आहे. ब्लांशला तो आकर्षक वाटला असेलही. मला वाटतो, तर तिला का वाटू नये? पण बघणं वेगळं, बोलावणं वेगळं आणि हो म्हणणं आणखी वेगळं. या तिन्हींना एकच गोष्ट मानण्याच्या सवयीवर स्टॅन्ली जगतो. आणि आकर्षण साफ नाकारणारे सोवळे लोक नकळत त्याच सवयीला खतपाणी घालतात. कारण 'तिला तो आवडलाच नव्हता' हे सिद्ध झालं तरच ती निर्दोष, असं त्यांच्याही हिशेबात गृहीत असतं.

हा हिशेब मोडणारी एक बाई मला 'हड'मध्ये (१९६३) भेटली. मार्टिन रिटच्या या चित्रपटात पॉल न्यूमन टेक्सासमधल्या पशुपालकाचा स्वार्थी, बेदरकार मुलगा आहे. हड बान्नन हा माणूस तिरस्करणीय वाटावा असाच रचलेला होता, पण तरुण प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि चित्रपट करणारेच चकित झाले. निळ्या डोळ्यांचा न्यूमन घेऊन त्यांनी दुसरी काय अपेक्षा केली होती कोण जाणे. पण मला बोलायचंय ते घरकाम सांभाळणाऱ्या अल्माबद्दल. पॅट्रिशिया नीलनं ती थकलेली, हजरजबाबी, पुरुषांचा पुरेसा अनुभव घेतलेली अशी उभी केली आणि ऑस्कर मिळवलं. हड आणि अल्मा यांच्यातली ओढ दोघांनाही ठाऊक आहे. एका रात्री तो दारू पिऊन तिच्या खोलीत घुसतो, जबरदस्ती करू लागतो. त्याचा पुतण्या त्याला ओढून बाजूला करतो. अल्मा सामान बांधून बसथांब्यावर येते. तिथे ती हडला शांतपणे कबूल करते की दांडगाई न करताही हे कधी ना कधी घडलंच असतं. आणि बसमध्ये चढते.

मला हा प्रसंग जिन्याइतकाच मोठा वाटतो. अल्मा आपली इच्छा लपवत नाही आणि त्या इच्छेची त्याला सूटही देत नाही. तू मला आवडत होतास आणि तू जे केलंस ते मी सहन करणार नाही, ही दोन वाक्यं ती एकत्र म्हणू शकते.

स्टेलाला हे जमतं का? नाटकात नाही जमत. बहिणीवर विश्वास ठेवला तर नवऱ्यासोबत राहता येणार नाही, म्हणून ती विश्वास ठेवत नाही. ब्लांशला वेड्यांच्या इस्पितळात नेलं जातं आणि स्टेला स्टॅन्लीच्या मिठीत रडत राहते. चित्रपटात गुन्हेगाराला शिक्षा व्हायलाच हवी या नियमापायी ती बाळ घेऊन वरच्या मजल्यावर जाते, परत न येण्याचा निश्चय करते. खालून तीच हाक येते. तिला तो जिना एकदा उतरताना आपण पाहिलेलं आहे, त्यामुळे तिच्या निश्चयावर माझा विश्वास बसत नाही. नीतिरक्षकांनी लादलेल्या शेवटाला काझाननं आधीच सुरुंग लावून ठेवलेला आहे.

विजय तेंडुलकरांनी हे नाटक 'वासनाचक्र' या नावानं मराठीत आणलं, आणि १९७२ मध्ये त्यांचा स्वतःचा 'सखाराम बाइंडर' रंगमंचावर आला. निळू फुल्यांचा सखाराम स्टॅन्लीचा भाऊबंद म्हणता येईल, पण त्याला आटवलेला टीशर्ट कुणी दिला नाही. चंपाला त्याच्या अंगाखाली जाण्यासाठी दारू लागते. आपल्याकडेही सेन्सॉरनं या नाटकाला आडवं घातलं. तेंडुलकरांनी रांगड्या पुरुषावरची झिलई काढून बाईनं मोजलेली किंमत तेवढी पुढे ठेवली. ते नाटक मी वाचते तेव्हा ब्रँडो आठवतो, आणि ब्रँडो बघताना चंपा.

ब्रँडोनं स्टॅन्लीबद्दलची आपली घृणा सांगून ठेवली आहे. ती मला खरी वाटते. ती भूमिकेत कुठेही दिसत नाही, कारण स्टॅन्लीला स्वतःची घृणा वाटत नाही. ती वाटून घ्यायचं काम आपल्यावर सोडलेलं आहे. मी ते करते, आणि त्याच वेळी नजरही हटवत नाही.