अंशांशिवायचं वर्तुळ

गेल्या महिन्यात मामांनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. वर्तुळाचे ३६० अंश ही ऋग्वेदाची देणगी, जगानं ती आपल्याकडून उचलली, असं काहीसं. मी ऑफिसातून तिथल्या तिथे उत्तर ठोकलं : 'बॅबिलोनचं आहे ते. फॉरवर्ड करण्याआधी वाचत जा.' मामा गोराईत आमच्यापासून दोन बिल्डिंग सोडून राहतात. लहानपणी मला पाढे त्यांनीच शिकवले. त्यानंतर ते ग्रुपवर गप्प झाले. आई एवढंच म्हणाली, "तू तरी वाचलंयस का?"

नव्हतं वाचलं. म्हणून ना. ह. फडके यांचं 'लीलावती पुनर्दर्शन' मिळवलं. हेतू फार चांगला नव्हता, मामांना पुराव्यानिशी गप्प करायचं होतं.

आधी वादाचं बघू. ऋग्वेदात बारा आणि ३६० या संख्यांचं चक्र आहे, हे खरं. पण ते वर्षाचं चक्र आहे, महिन्यांचं आणि दिवसांचं. त्यानं कुणी कोन मोजलेला नाही. आकाशातल्या सूर्याच्या वाटेचे बारा भाग आणि प्रत्येकाचे तीस, ही मोजणी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास बॅबिलोनमध्ये दिसते. तिथे साठावर आधारलेले आकडे चालत. ग्रीकांनी ती घेतली आणि तिथून ती भारतात आली. तिचे ठसे आपल्या भाषेतच आहेत. आपण शाळेत वर्तुळाचं 'केंद्र' म्हणतो तो शब्द मुळात ग्रीक, आणि जुन्या ज्योतिषग्रंथांत कलेसाठी येणारा 'लिप्ता'ही ग्रीकच. म्हणजे माझं उत्तर बरोबर होतं. पण 'लीलावती'नं माझीही पंचाईत केली.

भास्कराचार्यांनी 'लीलावती' ११५० साली लिहिली. त्यात वर्तुळावर एक सूत्र आहे : व्यास, परिघ आणि चाप माहीत असताना जीवा काढायची. चाप परिघातून वजा करा आणि बाकीला चापानं गुणा. या गुणाकाराला ते 'प्रथम' म्हणतात. परिघाच्या वर्गाचा चौथा हिस्सा घेऊन त्याची पाचपट करा, त्यातून प्रथम वजा करा. आलेल्या संख्येनं, व्यासाची चौपट गुणिले प्रथम, याला भागा. झालं. कोन नाही, अंश नाही, ३६० नाही.

उदाहरण आणखी मजेदार आहे. व्यास २४०, आणि चाप परिघाच्या अठराव्या भागाच्या एकपट, दोनपट, असा नऊपटीपर्यंत. आपण वीस अंश, चाळीस अंश म्हणू. ते 'अष्टादशांश' म्हणतात. इथे अंश म्हणजे नुसता भाग, तोही अठरातला एक. तिप्पट चाप घेऊन बघा. परिघ १८, चाप ३. प्रथम ३ गुणिले १५, म्हणजे ४५. परिघवर्गाच्या चतुर्थांशाची पाचपट ४०५. त्यातून ४५ गेले की उरतात ३६०! हा ३६० निव्वळ योगायोगानं आलेला. उत्तर १२०, बरोबर त्रिज्येएवढं.

हेच सूत्र सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराच्या 'महाभास्करीया'तही आहे. पण तिथे १८० अंश आणि ४०५०० हे आकडे सूत्रात पक्के बसवलेले आहेत. 'लीलावती'त ते गेले आणि त्यांच्या जागी परिघ आला. आमच्या धंद्यात याला हार्डकोडिंग काढणं म्हणतात. परिघाचे ३६० भाग करा, १८ करा, नाहीतर सेंटिमीटरमध्ये मोजा, कोड बदलावा लागत नाही. दुसऱ्याच्या चालू कोडमधला असा आकडा उपटायला किती समज लागते, हे ज्यानं प्रयत्न केलाय त्याला विचारा.

तक्रारही आहे. सूत्र कुठून आलं, हे 'लीलावती' सांगत नाही. कमेंट नसलेला सुंदर कोड, तसं ते आहे. आपण पाठ करतो, थक्क होतो आणि पुढे जातो. अशा थक्क होण्यातूनच पुढे फॉरवर्ड जन्मतात, असं मला वाटतं. भास्कराचार्यांचा मोठेपणा ३६० आपला होता की नव्हता यावर उभा नाही. बाहेरून आलेलं माप ते ग्रहगणितात बिनदिक्कत वापरतात आणि जिथे गरज नाही तिथे काढून ठेवतात. मापाशी इतकं मोकळं नातं मामांचंही नव्हतं आणि माझंही. आम्ही दोघंही त्याचा सातबारा शोधत होतो.

रविवारी पुस्तक घेऊन मामांकडे गेलो. सॉरी म्हणायला जमलं नाही. म्हटलं, "मामा, हे उदाहरण सोडवून बघा ना." त्यांनी चष्मा लावला, पण काही बोलले नाहीत. रात्री साडेअकराला मेसेज आला. ग्रुपवर नाही, माझ्या एकट्याच्या नंबरवर. वहीच्या पानाचा फोटो, नऊच्या नऊ उत्तरं, आणि खाली : 'सातव्याला सूत्रानं २२५.३७ येतं. आचार्य २२६ लिहितात. असं का?'

मी कॉम्प्युटरवर खरी जीवा काढली : २२५.५३. म्हणजे आचार्यांच्या २२६ पेक्षा त्यांच्याच सूत्राचं उत्तर सत्याच्या जवळ. तसं कळवलं.

'उद्या ये,' मामांनी लिहिलं. 'वही घेऊन.'