पोटफोड्या ष आणि सोळा घरं

मारिओला मिशी आहे, कारण त्याला तोंड काढायला जागा नव्हती. १९८१ साली ‘डाँकी काँग’ या खेळासाठी शिगेरू मियामोतो यांना सोळा बाय सोळा ठिपक्यांत एक माणूस बसवायचा होता. एवढ्याशा चेहऱ्यात ओठ काढले तर ते ओठ वाटत नाहीत, डाग वाटतात. म्हणून नाक मोठं केलं आणि त्याखाली मिशी ठेवली. केस काढा, मग उडी मारताना ते हलवा, ही कटकट नको म्हणून टोपी. हात अंगाच्या रंगात हरवू नयेत म्हणून खांद्यावर पट्टे असलेली डंगरी. ही गोष्ट आता फार जणांनी फार वेळा सांगून झाली आहे. तरी मी तिथूनच सुरुवात करते, कारण आज पिक्सेल आर्ट म्हणून जे खपतं त्यातल्या बहुतेकांत मिशी आहे, मिशीचं कारण नाही.

आपल्याकडे हा विषय निघाला की कुणीतरी ठिपक्यांच्या रांगोळीचं उदाहरण देतंच. मला ते पटत नाही. रांगोळीत ठिपके रेषेचे वाटाडे असतात. रेघ त्यांना जोडते किंवा वळसा घालते, आणि रांगोळी पुरी झाली की ठिपक्यांकडे कुणी बघत नाही. पिक्सेल आर्टमध्ये रेघ मुळात नसतेच. असतात ती चौकोनी घरं, एकेका रंगाने भरलेली किंवा रिकामी. तिची सख्खी बहीण शोधायची तर दोसुतीवरच्या फुलीच्या टाक्यात शोधावी. आईच्या पिढीतल्या बायका कापडाचे धागे मोजून, चौकटीच्या कागदावरच्या नमुन्यावरून पोपट भरायच्या. चोच किती टाक्यांत वळवायची हा त्यांचा प्रश्न आणि मारिओच्या नाकाचा प्रश्न एकच.

हे नातं ओढूनताणून लावलेलं नाही. सुझन केअर १९८३ मध्ये ॲपलमध्ये मॅकिन्टॉशचे आयकॉन काढायला आल्या तेव्हा त्यांनी ललित कलेत डॉक्टरेट केलेली होती, पण संगणकावर चित्र काढण्याचा अनुभव नव्हता. शाळेतले मित्र अँडी हर्ट्झफेल्ड यांच्या सांगण्यावरून त्यांनी चौकटींची वही आणली आणि घरं भरायला सुरुवात केली. मोझॅक आणि भरतकाम ठाऊक असल्याने हे काम परकं वाटलं नाही, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. बत्तीस बाय बत्तीस म्हणजे १०२४ घरं, आणि प्रत्येक घर काळं नाहीतर पांढरं. करडा रंग हवा असेल तर काळी-पांढरी घरं आलटून पालटून मांडायची आणि बाकीचं बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडायचं. याला डिदरिंग म्हणतात.

त्या संचातला बॉम्ब मला सगळ्यांत आवडतो. यंत्र कोलमडलं की पडद्यावर वात पेटलेला बॉम्ब यायचा. तो लोकांना क्वचितच दिसेल, असं अभियंत्यांनी केअरबाईंना सांगितलं होतं म्हणे. लोकांना तो भरपूर दिसला. पण चित्र म्हणून बघा. एक काळा गोळा, वर आखूड टोपण, वात, दोनचार ठिणग्या. एकही घर काढून टाकता येत नाही आणि एकही वाढवावंसं वाटत नाही. कमांड कळीवरची चार कोपऱ्यांना वेटोळी असलेली खूण त्यांना चिन्हांच्या एका कोशात सापडली. स्वीडनमध्ये ती रस्त्याकडेच्या प्रेक्षणीय स्थळांसाठी वापरतात. नवीन काही काढण्यापेक्षा लहान आकारात टिकेल असं जुनं काही शोधणं हीसुद्धा या कलेतली निम्मी अक्कल आहे. पुढे १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर आलेल्या सॉलिटेअरचे पत्तेही त्यांनीच काढले. म्हणजे केअर हे नाव कधी न ऐकलेल्या आपल्या कित्येक कचेऱ्यांनी दुपारच्या दुपार त्यांच्या चित्रांकडे बघत काढल्या आहेत.

त्यानंतर १९९९ मध्ये जपानमध्ये शिगेताका कुरिता यांनी एनटीटी डोकोमोच्या मोबाइलसाठी १७६ इमोजी काढले. एकेकाला बारा बाय बारा, म्हणजे फक्त १४४ घरं. केअरबाईंच्या चित्रांना जेवढी जागा होती तिच्या सातव्या हिश्श्यात हृदय, छत्री, पाऊस आणि रेल्वे. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१६ मध्ये हा संच संग्रहात घेतला. कुरितांचे इमोजी आले त्याच सुमाराला आपल्याकडे नोकियाच्या फोनवर ७२ बाय १४ ठिपक्यांचे लोगो विकले जात होते. वर्तमानपत्रात जाहिरात यायची, एसएमएस करायचा आणि कंपनीच्या नावाच्या जागी एखादा वाघ किंवा गुलाब उमटायचा. बहुतेक भयंकर असत. ते कुठल्याही संग्रहात नाहीत, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

हे काम किती अवघड आहे ते बाहेरून कळत नाही. मी एकदा सोळा बाय सोळात चहाची किटली काढायला बसले. किटलीची ओळख तिच्या तोटीत आणि कडीत. कडी अर्धगोल, आणि अर्धगोल चौकोनांतून काढायचा म्हणजे पायऱ्या आल्या. पायऱ्यांची लांबी चार, दोन, एक, एक, दोन, चार अशी उतरत-चढत गेली तर डोळा तिला वळण मानतो. चार, एक, तीन झाली की लगेच दात दिसतो. त्या कडीसाठी मला सहा ठिपके उंची लागत होती. ती दिली की किटलीचं पोट बसकं होऊन तिचं पातेलं व्हायचं. तोटी दोन ठिपके जाड केली तर हत्तीची सोंड, एक केली तर काडी. शेवटी मी तोटी एकाच ठिपक्याची ठेवली आणि तिच्या बाजूला एक फिकट ठिपका दिला, अर्धी जाडी असल्याचा भास व्हावा म्हणून. छायेच्या बाबतीत मी नवशिक्यांची हमखास चूक केली. कडेने गडद, मध्ये उजळ, सगळीकडून सारखं. त्याने वस्तू उशीसारखी फुगते आणि प्रकाश कुठूनच येत नाही. या प्रकाराला इंग्रजीतही उशीचंच नाव आहे. दोन संध्याकाळी गेल्या. कागदावर पेन्सिलीने ती किटली अर्ध्या मिनिटात झाली असती.

यंत्राची अडचण जेव्हा खरी होती तेव्हा तिने काय शिकवलं ते १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये बघावं. नव्वदीच्या दशकात टीव्ही गेमला कॅसेट लावून ज्यांनी तो खेळला त्यांनी ही युक्ती हजारदा पाहिली, पण त्यांच्या लक्षात आली नाही. आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं हा एकच आकार आहे, फक्त रंग वेगळे. चित्रांसाठी मिळून जागा होती ८ केबी, म्हणजे आठ बाय आठचे ५१२ तुकडे. त्यात अख्खं राज्य बसवायचं. एका स्प्राइटला, म्हणजे पडद्यावर हलणाऱ्या चित्राला, रंग तीनच, म्हणून मारिओचे केस, मिशी, सदरा आणि बूट सगळे एकाच मातकट रंगाचे. समोरून दुडदुडत येणारा तो खुनशी मशरूम, गूम्बा, त्याच्या चालीसाठी चित्र एकच आहे. यंत्र ते डावं-उजवं उलटवत राहतं आणि आपल्याला पाय टाकल्यासारखे वाटतात. एका चित्रात चाल! याहून काटकसरी ॲनिमेशन मला माहीत नाही.

आता अडचण संपली आहे. डेव्हिड कापेलो यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं एसप्राइट हे पिक्सेल चित्रं काढायचं सॉफ्टवेअर स्वस्त आहे, चांगलं आहे, आणि त्यात कॅनव्हास हवा तेवढा मोठा करता येतो, रंग हवे तेवढे घेता येतात. एरिक बरोन यांनी चारेक वर्षं एकट्याने खपून २०१६ मध्ये ‘स्टारड्यू व्हॅली’ आणली, चित्रांपासून संगीतापर्यंत सगळं एकहाती. तेव्हापासून घरी बसून खेळ बनवणाऱ्यांना पिक्सेल आर्ट म्हणजे एकट्याला झेपणारी शैली वाटू लागली. ते खरंही आहे. पण झेपते म्हणून निवडलेली शैली आणि विचार करून निवडलेली शैली यांत फरक पडतो, आणि तो पडद्यावर दिसतो. बाजारात येणाऱ्या खेळांचे नमुने मी चाळते तेव्हा एकच संध्याकाळ पुन्हा पुन्हा दिसते. जांभळट सावल्या, पिवळसर उजेड, तीच बत्तीस रंगांची तयार पॅलेट. सावलीत रंग निळ्याकडे झुकवावा हा सल्ला चांगला होता. सगळ्यांनी एकदम पाळल्यावर तो गणवेश झाला.

त्याहून वाईट म्हणजे ठिपक्यांची भेसळ. एकाच पडद्यावर पात्राचे ठिपके जाड, झाडाचे बारीक, अक्षरं तर साधी गुळगुळीत. वर पात्र तिरकं झालं की त्याचे चौकोनही तिरके होतात. दोसुतीवर कुणी एक टाका वाकडा, एक दुप्पट घालून पोपट भरला असता तर तिला उसवायला लावलं असतं. कृत्रिम बुद्धिमत्तेची चित्रं याच रोगाची टोकाची अवस्था आहेत. लांबून सुबक दिसतात. मोठी करून बघा, घरं सारख्या मापाची नसतात, कडा धुरकट असतात आणि आठ रंगांच्या जागी शेकडो निघतात. यंत्राने पिक्सेल आर्टचा चेहरा उचलला आहे, मोजणी उचललेली नाही. पण दोष एकट्या यंत्राला का द्यावा? माणसांच्याही बऱ्याच कामात मोजणी कधीची सुटली होती.

मोठ्या कॅनव्हासवरची श्रीमंत पिक्सेल चित्रकला मला नावडते असं नाही. बर्लिनच्या ईबॉय या चित्रकार मंडळींची तिरप्या कोनातली गजबजलेली शहरं बघत राहावीशी वाटतात. नॉर्वेत जवळजवळ नऊ वर्षं घोटलेला ‘आउलबॉय’ हा खेळ डोळ्यांचे लाड करतो. ‘डेड सेल्स’ या खेळाच्या चमूने त्रिमितीय पुतळे करून ते लहान ठिपक्यांत उतरवले आणि हालचाल अशी साधली की शुद्धतेचे आग्रही गप्प बसले. पण हे सगळं चित्रकलेच्या मोठ्या मैदानावरचं काम आहे. तिथे एक ठिपका चुकला तरी चालतो. या कलेचा कस लागतो तो जिथे चालत नाही तिथे.

अशी जागा आज मुद्दाम तयार करावी लागते. पिको-८ हे त्याचं उत्तम उदाहरण. हे कधीच अस्तित्वात नसलेलं खेळांचं यंत्र आहे, फक्त सॉफ्टवेअरमध्ये नांदणारं. पडदा १२८ बाय १२८, रंग ठरलेले सोळा, स्प्राइट आठ बाय आठ. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी त्यावर चार दिवसांत ‘सेलेस्ट’ या खेळाचा पहिला अवतार केला. त्यातली मुलगी ६४ घरांची. हवेत एकदा झेप घेतली की तिचे लाल केस निळे होतात आणि जमिनीला पाय लागेपर्यंत पुन्हा झेप घेता येत नाही. शब्द नाही, मीटर नाही, केसांचे ते मोजके ठिपके सगळं सांगतात. २०१८ मध्ये मोठा ‘सेलेस्ट’ आला तेव्हा पडदा वाढला, चित्र सजलं, पण केसांचा नियम तसाच ठेवला. मारिओच्या मिशीनंतर मला इतकं कारणासह आलेलं चित्र दिसलेलं नाही.

याच पिको-८ मध्ये रोमन अक्षरं तीन बाय पाच घरांत बसतात. ते पाहिल्यापासून मला देवनागरी छळते आहे. आपल्या अक्षराचं अंग निदान पाच ओळींचं धरा. वर शिरोरेषेची एक. तिच्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार यांना तीन. खाली उकार आणि ऋकाराला दोन. अकरा ओळी झाल्या आणि जोडाक्षर अजून आलंच नाही. बसच्या पाटीवर किंवा फलाटावरच्या इंडिकेटरवर मराठी अक्षरं पिवळ्या-लाल दिव्यांत सरकत जातात तेव्हा मी गाडी सोडून ती मोजत उभी राहते. कुठे उकार कापलेला असतो, कुठे ‘द्ध’ची गाठ होऊन तिचा नुसता ठोकळा उरतो. इंग्रजी शेजारीच ऐटीत उभी असते, कारण तिच्यासाठी पाच बाय सातचं माप जगाने केव्हाच घोटून ठेवलं आहे.

आपल्याकडे हे काम करू शकणारी माणसं नाहीत असं नाही. र. कृ. जोशींनी केलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक वर्षानुवर्षं प्रत्येक विंडोजवर होता. आज मुंबईत देवनागरीचे उत्तम टंक घडतात. पण ते सगळं वक्र रेषांचं, कितीही मोठं करता येणारं काम. घरं मोजून काढलेली, जोडाक्षरांसकट धड दिसणारी बारा ओळींची देवनागरी माझ्या पाहण्यात नाही. मी ‘प’ काढून बघितला, जमला. ‘व’ जमला, पोटात एक ठिपका टाकला की त्याचा ‘ब’ झाला. मग ‘प’च्या पोटात ठिपका टाकला, पण पाच ओळींत तो पोटफोड्या ‘ष’ दिसेना, बुजलेला ‘प’च दिसत राहिला. पोट एका घराने रुंद केलं तर ठिपके तिरके मांडता येतात आणि ‘ष’ ओळखू येतो, पण मग शेजारचं अक्षर एक घर सरकतं आणि ‘विशेष’ हा शब्द पाटीवर मावत नाही. कुणाला हा ‘ष’ सुटला असेल तर चौकटीच्या कागदावर काढून मला जरूर पाठवा.